पारपत्रासाठी टोचलेली लस

मुंबईच्या उपनगरांत आज असे गृहसंकुल क्वचितच सापडेल की, ज्यातील एकाही घराचे माणूस परदेशी नाही. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील मध्यमवर्गीय कुटुंबांचा परदेशाशी असलेला संबंध एका पिढीपूर्वी हवाई टपालाच्या निळ्या पत्रापुरता मर्यादित होता. आता तो प्रत्यक्ष जाण्यायेण्याचा झाला आहे. मुलगा शिकावयास जातो आणि तेथेच नोकरीस लागतो. मुलीचे बाळंतपण जवळ आले की आई सहा महिन्यांसाठी तिकडे जाऊन राहते. सेवानिवृत्त वडील एक हिवाळा न्यू जर्सीत तर दुसरा मुलुंडला काढतात. या माणसांबरोबर त्यांचे सामान जाते, लोणच्याच्या बरण्या जातात, औषधांच्या चिठ्ठ्या जातात आणि त्यांच्या श्वासातील विषाणूही जातात व येतात. हे शेवटचे सत्य आपल्या समाजाने २०२० ते २०२२ या तीन वर्षांत फार मोठी किंमत मोजून जाणून घेतले. त्या ज्ञानाचे पुढे काय झाले, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे. कारण त्या काळात लक्षावधी लोकांनी लस घेतली, चाचण्या करून घेतल्या. परंतु यांपैकी किती गोष्टी प्रकृतीसाठी झाल्या आणि किती पारपत्रासाठी, हा प्रश्न अद्याप कोणी नीटसा विचारलेला नाही.

दाखल्याची जुनी परंपरा

रोगाच्या भीतीने प्रवाशाकडे दाखला मागण्याची रीत मुंबईला नवी नाही. १८९६ साली मांडवी भागात प्लेग प्रकट झाला, तेव्हा या बंदरातून निघणाऱ्या माणसांची आणि मालाची साऱ्या जगाने धास्ती घेतली. १८९७ साली व्हेनिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्वच्छता परिषदेचा विषय मुख्यतः मुंबईचा हा प्लेगच होता. त्याच वर्षीच्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. लस ही संशोधनाची वस्तू आणि दाखला ही प्रवासाची वस्तू, या दोहोंची गाठ या शहरात अशी फार पूर्वीच पडलेली आहे. पुढे १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझाची साथ गोदीच्या वाटेने मुंबईत शिरली आणि रेल्वेच्या वाटेने देशभर पसरली. तिच्यात हिंदुस्थानातील एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्या वेळी या रोगावर लसही नव्हती आणि चाचणीही नव्हती.

नंतरच्या काळात परदेशगमन करणाऱ्यास देवीची लस टोचल्याचा दाखला जवळ बाळगावा लागे. १९८० साली देवीचे निर्मूलन झाल्याची घोषणा झाली आणि तो दाखला इतिहासजमा झाला. आफ्रिकेतील व दक्षिण अमेरिकेतील काही देशांच्या प्रवासासाठी पीतज्वराच्या लसीची पिवळी पुस्तिका आजही लागते. या साऱ्या दाखल्यांमागील तत्त्व एकच आहे, आणि ते समजून घेणे अगत्याचे आहे. दाखला मागणारा देश प्रवाशाच्या प्रकृतीची काळजी करीत नसतो. तो स्वतःच्या सीमेची काळजी करीत असतो. त्यात गैर काहीच नाही. परंतु दाखल्याच्या मार्गाने मिळालेले आरोग्य सीमेपाशी सुरू होते आणि सीमा ओलांडली की संपते, हे मात्र ध्यानात ठेवावयास हवे.

रांगेतील विद्यार्थी

कोविडची साथ मुंबईत आली ती विमानाने. ११ मार्च २०२० रोजी शहरात ज्या पहिल्या दोन रुग्णांची नोंद झाली, त्यांचा प्रवास दुबईचा होता. त्याच महिन्याच्या १७ तारखेस राज्यातील पहिला कोविडमृत्यू कस्तुरबा रुग्णालयात झाला. तो रुग्णही दुबईहून परतलेला होता. लवकरच नियमित आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक बंद झाली, ती २७ मार्च २०२२ पर्यंत पूर्ववत होऊ शकली नाही. मधल्या काळात सहारच्या विमानतळावर उतरणाऱ्याचे पहिले स्वागत आप्तेष्टांनी नव्हे, तर तापमान पाहणाऱ्या यंत्राने केले. मरोळचे सेव्हन हिल्स रुग्णालय, गोरेगावचे नेस्को संकुल, दहिसर आणि मुलुंड येथील विशाल उपचारकेंद्रे ही नावे उपनगरांतील प्रत्येक घरात परिचयाची झाली.

चाचणीचा इतिहासही असाच उद्बोधक आहे. मार्च २०२० मध्ये खाजगी प्रयोगशाळेतील आरटी-पीसीआर चाचणीची कमाल किंमत ४,५०० रुपये ठरविण्यात आली होती. राज्य शासनाने ती टप्प्याटप्प्याने खाली आणली आणि मार्च २०२१ च्या अखेरीस प्रयोगशाळेत जाऊन चाचणी करणाऱ्यास ती ५०० रुपयांत मिळू लागली. परंतु प्रवाशाची गोष्ट निराळी होती. कोणास विमान सुटण्यापूर्वी बहात्तर तासांच्या आतील अहवाल हवा. संयुक्त अरब अमिरातीस जाणाऱ्यास काही काळ तर विमानतळावरच, सुटण्याच्या अवघ्या काही तास आधी, शीघ्र चाचणी करावी लागे. ज्वर नसलेल्या माणसाने दोन-तीनदा चाचणी करावी आणि ज्वराने फणफणलेल्या शेजाऱ्याने ती पैशांअभावी किंवा विलगीकरणाच्या भयाने टाळावी, असा विपरीत प्रकार एकाच जिन्यावरील दोन घरांत घडत होता.

लसीकरणात ही विसंगती अधिकच स्पष्ट झाली. १३ मे २०२१ रोजी कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परदेशी विद्यापीठांत रुजू होणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे त्यामुळे मोठाच पेच उभा राहिला. मुंबई महानगरपालिकेने मेअखेरीस आणि जूनच्या आरंभी घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ले येथील कूपर आणि कस्तुरबा या तीन रुग्णालयांत अशा विद्यार्थ्यांसाठी पूर्वनोंदणीविना लस देण्याची सोय केली. प्रवेशपत्र व व्हिसाची कागदपत्रे दाखविली की लस मिळे. पाठोपाठ ७ जून २०२१ रोजी केंद्र सरकारने शिक्षणासाठी व नोकरीसाठी परदेशी जाणारे, तसेच टोकियो ऑलिम्पिकमधील खेळाडू यांना अठ्ठावीस दिवसांनंतर दुसरी मात्रा घेण्याची मुभा दिली आणि लसीच्या प्रमाणपत्रावर पारपत्राचा क्रमांक घालण्याची व्यवस्था केली.

हा निर्णय योग्यच होता. त्यामुळे हजारो विद्यार्थ्यांचे वर्ष वाचले. परंतु त्याच दिवसांत पंचेचाळिशीच्या आतील पुष्कळ लोक भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे डोळे लावून एका वेळेच्या आरक्षणासाठी तिष्ठत होते, हेही विसरता येत नाही. ज्याच्यापाशी परदेशी विद्यापीठाचे पत्र होते त्याला रांगेत वेगळी वाट होती. ज्याच्यापाशी दम्याच्या विकाराची जुनी चिठ्ठी होती, परंतु पारपत्र नव्हते, त्याला ती नव्हती. दोष विद्यार्थ्यांचा नव्हता. निकड ओळखण्याचे आपले माप कोणते आहे, हे मात्र त्यातून उघड झाले.

परक्या मुलुखातील अनुभव

परदेशी पोहोचलेल्यांची कथा तेथेच संपली नाही. कोणत्या देशाने कोणती लस मान्य करावी, याचा एक नवाच खेळ सुरू झाला. ब्रिटनने २०२१ च्या सप्टेंबरात कोविशील्ड मान्य केली. परंतु भारताचे प्रमाणपत्र मान्य केले नाही. वस्तुतः ती ऑक्सफर्डमध्ये शोधलेली आणि पुण्यात सिरम इन्स्टिट्यूटने बनविलेली लस. प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख नाही, ही एक अडचण पुढे आली. ती दूर करण्यात आली. भारतानेही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांवर तशीच बंधने घातली आणि आठवडाभरात, ११ ऑक्टोबरपासून, ब्रिटनने आपला हट्ट सोडला. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या ३ नोव्हेंबर २०२१ च्या मान्यतेपर्यंत वाट पाहावी लागली. त्याआधी अमेरिकेस गेलेल्या काही विद्यार्थ्यांपुढे तेथील विद्यापीठाने मानलेली लस पुन्हा घेण्याचा प्रसंग आला. शरीरातील प्रतिकारशक्तीला पारपत्र ठाऊक नसते. कागदाला मात्र ते ठाऊक असते.

तरीही या मंडळींनी परक्या मुलुखात जे पाहिले त्यातील काही गोष्टी मनन करण्याजोग्या आहेत. ब्रिटनमध्ये कोविडची लस, चाचणी व उपचार हे तेथे असलेल्या कोणत्याही माणसास, त्याच्या वास्तव्याच्या परवान्याची चौकशी न करता, मोफत देण्यात आले. एप्रिल २०२१ पासून सुमारे वर्षभर इंग्लंडमधील प्रत्येकास घरच्या घरी करावयाच्या चाचणीचे संच विनामूल्य मिळत होते. संयुक्त अरब अमिरातीने तेथे राहणाऱ्या परकीय कामगारांसही लस मोफत दिली. सिंगापूरने दीर्घ मुदतीच्या परवान्यावर राहणाऱ्यांस दिली. यामागे केवळ भूतदया नव्हती. श्वसनमार्गाचा विषाणू नागरिक आणि परका असा भेद करीत नाही, म्हणून प्रतिबंधकाने तो केल्यास आपलेच नुकसान होते, हा रोकडा व्यवहार त्यात होता.

याचा अर्थ परदेशी सारेच सुखाचे आहे, असा नव्हे. मुलाकडे प्रवासी व्हिसावर गेलेल्या आईवडिलांस अमेरिकेत प्रत्येक गोष्टीचे दाम मोजावे लागते. प्रवासी विम्याचा आधार बहुधा अकस्मात आजारासाठी असतो. प्रतिबंधक लसीचा खर्च त्यात सहसा बसत नाही. तरीही कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात शरद ऋतू येताच इन्फ्लुएंझाची लस टोचून मिळते, वृद्धांनी ती दरवर्षी घ्यावी असे दारोदार सांगितले जाते, याचा ठसा तिकडे जाऊन आलेल्या माणसाच्या मनावर उमटल्यावाचून राहत नाही. २०२३ पासून तेथे आरएसव्ही या विषाणूवरील लसही वृद्धांसाठी उपलब्ध झाली. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२४ पासून ती पंचाहत्तरीपुढील वृद्धांच्या एका गटास आणि गर्भवतींस मोफत मिळू लागली. तेथे लस ही बाल्यावस्थेची बाब मानली जात नाही. ती साऱ्या आयुष्याची बाब मानली जाते.

कागदाची पूजा

आपल्याकडे मात्र लसीपेक्षा प्रमाणपत्र मोठे झाले. त्याचे सर्वांत विदारक उदाहरण उपनगरांतच घडले. ३० मे २०२१ रोजी कांदिवलीच्या एका गृहसंकुलात लसीकरणाचे शिबिर भरले. सुमारे ३९० रहिवाशांनी प्रत्येकी १,२६० रुपये देऊन लस टोचून घेतली. पुढे प्रमाणपत्रे आली ती निरनिराळ्या रुग्णालयांच्या नावांची. तारखा जुळेनात, लस घेतल्यावर कोणास अंगदुखीही झाली नाही. तक्रार झाली, पोलीस तपासात शिबिर बनावट ठरले आणि अशाच आणखी काही शिबिरांचा उलगडा झाला. सुशिक्षित माणसांचे हे गृहसंकुल होते. परंतु लस दुर्मिळ आणि दाखला आवश्यक, अशा दुहेरी टंचाईत सावधपणा टिकत नाही. जेथे कागदालाच किंमत येते, तेथे खोटा कागद विकणारा उत्पन्न व्हावयाचाच.

कागदाच्या या महत्त्वाचा दुसरा परिणाम अधिक खोल आणि अधिक काळ टिकणारा आहे. २०२१ च्या अखेरीस ओमिक्रॉन हा विषाणूप्रकार आला. लस घेतलेल्यांनाही त्याचा संसर्ग होऊ लागला. परंतु तीव्र आजार आणि मृत्यू यांपासून लस पुष्कळ प्रमाणात संरक्षण देते, हेही त्याच वेळी दिसून आले. म्हणजे सीमेवरील दाखला म्हणून लसीचे मोल उतरले, आणि वृद्धांचा आधार म्हणून ते कायम राहिले. देशोदेशींनी २०२२ मध्ये दाखल्याची अट क्रमाक्रमाने काढून टाकली, ते तर्काला धरूनच होते. परंतु आपल्या लोकांनी अट जाताच लसही सोडून दिली. त्या वर्षीच्या एप्रिलपासून प्रौढांस वर्धक मात्रा मिळू लागली, जुलैपासून पंचाहत्तर दिवस ती मोफतही होती; तरी केंद्रे ओस पडली. ज्या कारणासाठी लस घ्यावयाची ते कारण शिल्लक होते, आणि ज्या कारणासाठी लोकांनी ती घेतली ते संपले होते.

पावसाळ्यातील ताप

याहून जुने आणि दरवर्षी येणारे उदाहरण इन्फ्लुएंझाचे आहे. २००९ साली स्वाइन फ्लूची साथ आली आणि ऑगस्टमध्ये पुण्यात देशातील पहिला बळी पडला, तेव्हा कस्तुरबा रुग्णालयापुढे रांगा लागल्या होत्या. तो विषाणू आता नाहीसा झालेला नाही; तो हंगामी तापांच्या कुटुंबात सामील झाला आहे. मुंबईत या तापाचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. युरोप-अमेरिकेत तो हिवाळ्यात असतो. हा फरक परदेशी जाण्यायेण्याची सवय झालेल्या कुटुंबांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे.

इन्फ्लुएंझाचा विषाणू सतत रूप पालटतो, म्हणून त्याची लस वर्षातून दोनदा नव्याने ठरविली जाते. जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या आगामी हिवाळ्यासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धाच्या हिवाळ्यासाठी लसीचे घटक जाहीर करते. लस घेतल्यावर संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांनी ते ओसरू लागते. भूगोलाने मुंबई उत्तर गोलार्धात असली, तरी तिचा ज्वराचा हंगाम जून ते सप्टेंबर हा आहे. म्हणून येथे राहणाऱ्या वृद्धाने एप्रिल-मेमध्ये, उपलब्ध असलेली अद्ययावत लस घेणे श्रेयस्कर ठरते. ऑक्टोबरात कन्येकडे टोरोंटोला जाणाऱ्या आजीने मात्र तेथील हिवाळ्यासाठीची लस घ्यावयास हवी. मागील हिवाळ्यात अमेरिकेत घेतलेल्या लसीच्या भरवशावर बोरिवलीचा पावसाळा काढता येत नाही. या साध्या गोष्टी सांगणारे कोणी नसल्यामुळे, जाऊन आलेली मंडळी एकदा घेतलेली लस जन्मभराची समजतात, किंवा ती केवळ थंड देशांतील लोकांची चैन मानून सोडून देतात.

आपल्या शासनास हे ठाऊक नाही, असेही नाही. हज यात्रेस जाणाऱ्यांना मेंदुज्वराची लस आणि पोलिओचे थेंब यांबरोबरच वयस्क व जोखमीच्या यात्रेकरूंना इन्फ्लुएंझाची लसही शासकीय व्यवस्थेतून दिली जाते. २०१५ च्या साथीनंतर महाराष्ट्र शासनाने गर्भवती स्त्रिया, मधुमेही व रक्तदाबाचे रुग्ण यांच्यासाठी ही लस मोफत देण्याचा उपक्रमही हाती घेतला. परंतु राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात प्रौढांच्या इन्फ्लुएंझा लसीस स्थान नाही, आणि उपनगरातील सामान्य निवृत्त कारकुनाच्या कानावर अशा उपक्रमांची वार्ताही सहसा पडत नाही. खाजगी दवाखान्यात या लसीस दीड-दोन हजार रुपये पडतात. पतिपत्नी दोघांचा हा वार्षिक खर्च निवृत्तिवेतनातून करावयाचा, तर तो आधी किराण्याशी तोलला जातो.

आक्षेप आणि उत्तर

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो क्षुल्लक नाही. ज्या शहरात क्षयरोगाने अजून ठाण मांडले आहे, त्या शहराने वृद्धांच्या हंगामी तापावर पैसा का खर्चावा? शिवाय ही लस सर्वस्वी परिणामकारक नसते. विषाणूशी मेळ जमला तरी चाळीस ते साठ टक्के इतकेच तिचे संरक्षण असते, हे तज्ज्ञही मान्य करतात. दोन्ही म्हणणी खरी आहेत. परंतु निम्म्या आजारांपासून मिळणारे संरक्षण मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्या सत्तर वर्षांच्या माणसास अल्प वाटत नाही; त्याच्या बाबतीत साध्या तापाचा शेवट अतिदक्षता विभागात होऊ शकतो, आणि तेथील एका दिवसाच्या खर्चात लसीच्या अनेक मात्रा येतात. राहिला क्षयरोगाचा प्रश्न. खोकणाऱ्या माणसाने वेळीच दवाखान्यात यावे, त्याची चाचणी सुलभपणे व्हावी आणि त्याला लाज वा भीती वाटू नये, ही दोन्ही रोगांची समान गरज आहे. एका रोगासाठी उघडलेले दार दुसऱ्यालाही उपयोगी पडते.

यासाठी नवी भव्य संकुले उभारण्याची आवश्यकता नाही. महापालिकेचे दवाखाने उपनगरांत आहेत. २०२२ पासून सुरू झालेले ‘आपला दवाखाना’ हे तर वस्तीच्या जवळ आणि संध्याकाळीही उघडे राहावेत म्हणूनच योजलेले आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये कस्तुरबात जनुकीय क्रमनिर्धारणाची प्रयोगशाळा सुरू झाली. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था १९५२ पासून उभी आहे. साधने आहेत, ज्ञान आहे, लस बनविणारे कारखानेही याच राज्यात आहेत. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये पासष्टीपुढील व जोखमीच्या नागरिकांना या दवाखान्यांतून मोफत अथवा अल्प दरात लस द्यावी, पावसाळ्यात ज्वराच्या रुग्णाची चाचणी परवडेल अशा दराने व्हावी आणि प्रौढाने आयुष्यात घेतलेल्या प्रत्येक लसीची नोंद त्याच्या हाती असावी, एवढीच ही मागणी आहे. परदेशातून पहिली मात्रा घेऊन परतलेल्यांची नोंद करताना कोविडकाळात किती अडचणी आल्या, हे पाहता ही नोंद देशाबाहेरील लसही सामावून घेणारी हवी. गृहसंकुलांच्या संस्था, ज्येष्ठ नागरिक संघ आणि शाळांतील शिक्षक यांनी मनावर घेतले, तर प्रसाराचे काम फारसे अवघड नाही.

कोविडच्या काळात कूपरच्या आणि राजावाडीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण आज परदेशी स्थिरावले आहेत. तेथे दर शरदात कचेरीतून किंवा विद्यापीठातून लसीची आठवण देणारे पत्र त्यांना येते, आणि ते दंडावर लस टोचून कामाला लागतात. त्यांचे आईवडील येथे आहेत. त्यांना असे पत्र कोणी पाठवीत नाही. कारण ते कोठे जाणार नसतात आणि कोणताही देश त्यांच्याकडे दाखला मागत नाही. जगाने विचारले म्हणून आपण आपल्या मुलांच्या लसीची चोख व्यवस्था केली, हे भूषणावह आहे. कोणी विचारीत नसताना घरी राहणाऱ्यांची तशीच व्यवस्था करणे, हे आता आपले कर्तव्य आहे.